मंद प्रकाश, पाच तारे

उज्वलाने तांबड्या पेन्सिलीला टोक काढले आणि ‘शांत’ या शब्दाखाली रेघ ओढली. ही सव्विसावी रेघ होती.

समोरच्या कागदावर छापलेले विधान असे होते: ‘शनिवारी पत्नीसह गेलो. जागा शांत. प्रकाश मंद, प्रत्येक कक्षाला पडदा, वाढणारे अदबशीर. नांदेडला जाणाऱ्या जोडप्यांनी एक संध्याकाळ इथे अवश्य काढावी. पाच तारे.’

विधानाचा कर्ता तिचा नवरा होता. सुदर्शन लातूरच्या एका मोठ्या शिकवणीत रसायनशास्त्र शिकवत असे. हाताची घडी घातलेले त्याचे छायाचित्र बार्शी रोडच्या दोन चौकांत फ्लेक्सवर उभे होते आणि जिल्ह्यातले निम्मे पालक त्याला देवाखालोखाल मानत. ‘जोडीने जेवू’ हे त्याचे फेसबुकवरचे पान मात्र शिकवणीचे नव्हते. नवरा-बायकोने बाहेर जेवायला कुठे जावे, हे तो तिथे सांगत असे. अकरा हजार लोक ते वाचत. एखाद्या जोडप्याचे लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जायचे यावर अडले, की लातुरात कुणीतरी हमखास म्हणे, सरांचे पान बघा.

विधानातला ‘शनिवारी’ हा शब्द खरा होता. ‘पत्नीसह’ हाही खरा, पत्नी म्हणजे समोरच्या खुर्चीवरची व्यक्ती इतकाच अर्थ घेतला तर. ‘शांत’ मात्र धडधडीत खोटा होता. त्या हॉटेलच्या चार नंबरच्या कक्षामागे जनरेटर होता आणि डाव्या भिंतीपलीकडे भांडी घासण्याची मोरी. तिथे बोलायचे तर टेबलावर वाकावे लागे. अशा जागेला एखादा माणूस सलग दोन वर्षे शांत म्हणत राहतो, तेव्हा दोष त्याच्या कानांत नसतो, त्याच्या शब्दकोशात असतो.

उज्वला महाविद्यालयात मराठी शिकवत असे, पण तिची खरी हयात जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्यात गेली होती. एकाच पोथीच्या पाच नकला समोर ठेवायच्या, शब्दाला शब्द लावायचा आणि नकलाकाराने कुठे हात फिरवला ते शोधायचे. पंधरा वर्षांत तिला एवढे कळले होते, की नकलाकार अज्ञानाने चुकतो तेव्हा चुका पोथीभर विखुरलेल्या असतात. तो जाणूनबुजून बदल करतो तेव्हा त्या एका रांगेत येऊन उभ्या राहतात. नवऱ्याच्या लेखनाला ही पद्धत लावण्याची वेळ येईल, असे तिला कधी वाटले नव्हते.

वेळ आणली ती खाजामियाँने. नांदेडच्या त्या शुद्ध शाकाहारी हॉटेलात तो तीस वर्षे ताटे वाढत होता आणि आता कक्षांची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. पंधरा दिवसांपूर्वी सुदर्शन फोनवर बोलायला बाहेर गेला असताना खाजामियाँने ताकाचा पेला तिच्यासमोर ठेवला आणि आवाज खाली आणून विचारले,

“मॅडम, आँखां अब कैसे हैं?”

तिला प्रश्नच कळला नाही.

“सर बोले थे ना, मॅडमको उजाला चुभता बोलके. म्हणून तर हितला बल्ब मी आधीच काढून ठेवतो. सरांचा फोन आला की पैलं काम तेच.”

तिचे डोळे उत्तम होते. वाळवीने खाल्लेली मोडीची पाने ती आजही चष्म्याशिवाय वाचत असे. आता बरे आहेत, असे तिने खाजामियाँला सांगितले आणि त्याने समाधानाने मान हलवून अल्लाचे आभार मानले.

आजार डोळ्यांचा नव्हताच. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताच्या पेरांवर पांढरे ठिपके आले होते. मग मनगट, मग ओठाचा कोपरा, आणि गेल्या पावसाळ्यापासून डावी पापणी. कोड. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की हे कुणाला लागत नाही, दुखत नाही, आणि यावरचा उपाय उजेडाचाच आहे. आठवड्यातून दोनदा ती दवाखान्यातल्या नळ्या लावलेल्या उभ्या पेटीत जाऊन किरण घेत असे. सुदर्शनच्या आत्याने, पार्वतम्माने, उदगीरहून आल्या आल्या तिचा हात उलटसुलट करून पाहिला होता आणि म्हटले होते, “नाव सार्थ केलंस बाई, उज्वला.” घरातले सगळे हसले होते. तीही हसली होती, कारण विनोद म्हणून त्यात काही दोष नव्हता.

आता ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तिने दवाखान्याची फाइल डावीकडे ठेवली होती आणि नवऱ्याचे लेखन उजवीकडे. तारखेला तारीख लावत ती खाली येत होती.

ठिपके नव्हते तेव्हाचा सुदर्शन उजेडात जेवणारा माणूस होता. गंजगोलाईजवळ उभ्याने खाल्लेल्या निलंगा राईसबद्दल त्याने लिहिले होते, ‘झणझणीत. बायकोच्या डोळ्यांतून पाणी, फोटो पाहा.’ आणि फोटो होता. ती नाक पुसत हसत होती. पेरांवर ठिपके आले त्या महिन्यात फोटो थांबले. मनगटावर आले तेव्हा शहर सुटले. औशाच्या वाटेवरचा ढाबा, मग चाकूर, मग अहमदपूरच्या पुढचे एक हॉटेल. ओठावर डाग आला आणि नांदेड आले, म्हणजे एका जेवणासाठी सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास आणि लॉजवर मुक्काम. कोड तिच्या अंगावर बोटबोट सरकत होते, आणि त्याला वाट देत जेवण तालुका ओलांडत होते. ‘झणझणीत’ हा शब्द शहराबरोबरच मागे राहिला होता. पुढे सगळीकडे ‘शांत’.

लातूर शहरातल्या शेवटच्या नोंदीपाशी तिची पेन्सिल थांबली. ‘जेवण बरे. पार्किंगची फार गैरसोय. दोन तारे.’

ती संध्याकाळ तिला चांगली आठवत होती. चाकूरचे वैजनाथराव शेजारच्या टेबलावरून उठून आले होते. मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. त्यांनी सरांच्या पाया पडायला पोराला पुढे केले, पेढ्यांचा पुडा उघडला, सरांच्या हातावर पेढा ठेवला. मग उज्वलाने हात पुढे केला. वैजनाथरावांची नजर तिच्या बोटांवर पडली आणि पेढा हवेतच वळून तिच्या ताटाजवळच्या कागदी रुमालावर टेकला. “हितं ठिवतो बरं का, ताई,” ते म्हणाले. बोलण्यात कसलाही उर्मटपणा नव्हता. तिने पेढा उचलून खाल्ला. ते गेल्यावर सुदर्शनने टेबलाखाली तिचा हात ओढून घेतला होता आणि जेवण होईपर्यंत तिथेच धरून ठेवला होता. ती डाव्या हाताने जेवली होती. चार वर्षांतला तो सर्वांत मायेचा क्षण, असे ती स्वतःला सांगत आली होती.

पार्किंगच्या गैरसोयीबद्दल एवढेच, की त्या दिवशी ते दोघे रिक्षाने गेले होते.

पुरावा पुरेसा होता, पण निकाल नव्हता. प्रामाणिक संपादकाला दोन्ही पाठ समोर ठेवावे लागतात. एक पाठ असा, की तो तिला लोकांच्या नजरांपासून जपत होता, चुकीच्या रीतीने, तिला न विचारता, पण जपत होता. या पाठाला माफी होती. माफीच काय, तो खरा निघाला तर ती त्याच टेबलावर त्याला सांगणार होती की नजरांची तिला सवय झाली आहे, बल्ब लावा आणि मुकाट जेवा. दुसरा पाठ असा, की तो स्वतःलाच तिच्यापासून जपत होता. तिच्या पर्समध्ये रजेचा एक अर्ज पंधरा दिवस घडी घालून पडला होता. हैदराबादच्या एका संस्थेने हस्तलिखितांच्या कामासाठी तिला दोन वर्षांकरता बोलावले होते आणि सोमवारी होकार कळवायचा होता. तारीख घातली होती, सही केली नव्हती. सुदर्शनला ती अजून काही बोलली नव्हती. पहिला पाठ खरा असेल तर तो अर्ज ती फाडणार होती.

विचारून उपयोग नव्हता. सुदर्शनला समोरासमोर विचारले तर तो पार्किंगबद्दल बोलला असता. म्हणून गुरुवारी तिने जुन्या सिमवर एक नवे खाते उघडले. नाव गुरुपादप्पा, गाव देगलूर, चेहऱ्याच्या जागी गुलाबाचे फूल. नाव मुद्दाम नवऱ्याच्या समाजातले घेतले. आपल्या माणसापुढे माणूस लवकर मोकळा होतो. मग बरीच खाडाखोड करून तिने निरोप लिहिला:

‘सर नमस्कार. आपलं पान नेहमी वाचतो. आमच्या मिसेसच्या हाताला, तोंडाला कोड हाय. तिला त्याचं काही वाटत न्हाई, ती कुठंबी चला म्हणते. मलाच चारचौघांत लई अवघड होतं. लग्नाचा वाढदिवस हाय. कुठं न्यावं?’

सगळा भार चौथ्या वाक्यावर आणि त्याच्या पुढच्यावर होता. बायकोला जपणारा नवरा ‘तिला काही वाटत न्हाई’ हे वाचून या गुरुपादप्पावर उखडला असता. मग लाज कसली वाटते तुला, असे त्याने दोन शब्दांत सुनावले असते. नवऱ्याने कुणाला तरी शिव्या द्याव्यात, अशी इच्छा तिने आयुष्यात पहिल्यांदाच केली.

शनिवारी दुपारी ते निघाले. चाकूर मागे पडेपर्यंत सुदर्शन नव्या बॅचबद्दल बोलत होता. लोह्याच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली आणि रेंज नाही म्हणून फोन घेऊन खाली उतरला. काचेतून तिला त्याची पाठ दिसत होती, आणि चार बोटे वर करून कुणाला तरी आकडा सांगणारा हात. रेंज चांगली होती. तिच्या मांडीवरच्या फोनला पाचही दांड्या होत्या. परत आल्यावर तो म्हणाला की आजही तीच जागा मिळाली, नशीबच म्हणायचे, शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

सात वाजता चार नंबरच्या कक्षाचा पडदा त्यांच्यामागे पडला. बाहेरच्या दिव्याची एक तिरीप पडद्याखालून फरशीवर येत होती, तेवढाच उजेड. वर बल्बचा होल्डर रिकामा होता. जनरेटर सुरू नव्हता; मोरीत मात्र भांडी आपटत होती. खाजामियाँने पाटोडीचा रस्सा, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून ठेवली, तिच्याकडे पाहून ओळखीचे हसला आणि पडदा नीट सारखा करून गेला.

“बघ,” सुदर्शन वाकून म्हणाला, “लातुरात असं बसायला मिळतं का? एकही जण सुखानं जेवू देत नाही.”

“इथं कुणी ओळखत नाही.”

“तेच तर. इथं मी सर न्हाई. नुसता तुझा नवरा.”

हे तो मनापासून बोलला आणि हात धुवायला उठला. पडदा हलून स्थिर झाला. उज्वलाने फोन काढला, गुरुपादप्पाचा निरोप एकदा वाचला, ‘कुठंबी’मधला अनुस्वार तपासला आणि पाठवला.

सुदर्शन परत येऊन पहिला घास घेतो तोच त्याचा फोन थरथरला. त्याने डाव्या हाताने तो उचलला. फोनच्या पडद्याचा निळसर उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. त्या कक्षात दिसण्यासारखी तेवढी एकच गोष्ट उरली. तो वाचताना थांबला, पुन्हा वरून वाचू लागला. उज्वला त्याच्या कपाळाकडे पाहत होती. तिथे आठी पडायला हवी होती. आठी पडली नाही. उलट चेहरा सैल होत गेला. खूप दिवसांनी गावाकडचे कुणी भेटल्यावर व्हावा तसा तो मऊ झाला. त्याने उजवा हात रुमालाला पुसला, भाकरी बाजूला सारली आणि दोन्ही अंगठ्यांनी लिहू लागला. थोडे खोडले. पुन्हा लिहिले. इतक्या काळजीने तो तिच्याशी शेवटचा कधी बोलला होता, हे तिला आठवेना.

“कोण आहे?”

“एक जण विचारून राहिला. पार्किंगचं.”

“मग सांगा ना नीट.”

“तेच सांगतोय. बिचारा अडचणीत हाय.”

रस्सा थंड झाला. शेवटी त्याने फोन उलटा ठेवला आणि क्षणभराने तिच्या पर्समध्ये काहीतरी हलले. हात धुऊन येते, असे सांगून ती उठली. तिने अजून एकही घास घेतला नव्हता, म्हणजे तिचे हात स्वच्छच होते. सुदर्शनच्या ते लक्षात आले नाही.

बेसिनवर ट्यूबलाइट होती. आरशात तिचा चेहरा पापणीसकट, ओठासकट लख्ख दिसत होता. तिने उत्तर दोनदा वाचले. एकदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा सवयीने, कुठे पाठ भ्रष्ट आहे का ते पाहण्यासाठी. कुठेच नव्हता. मजकूर सरळ होता, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि लातूर सुटल्यापासून पहिल्यांदाच त्यात ‘शांत’ हा शब्द आलेला नव्हता.

खाजामियाँ बाजूला बडीशेपेच्या वाट्या भरत उभा होता.

“चाचा,” ती म्हणाली, “चार नंबरका बल्ब लगा दो.”

त्याने चमकून पाहिले. “आँखां?”

“अच्छे हो गये.”

“माशाल्ला,” तो म्हणाला आणि बल्ब आणायला लगबगीने आत गेला. आनंदाच्या भरात त्याने मोठ्या दालनातला शंभराचा बल्ब आणला. उज्वलापाठोपाठ कक्षात येऊन स्टुलावर चढला, तो फिरवून बसवला, आणि उकडते आहे म्हणून पडदाही गोळा करून खिळ्याला अडकवून टाकला.

उजेड खरोखरच चुभला, पण सुदर्शनला. त्याने डोळ्यांवर हात घेतला. समोरच्या मोठ्या टेबलावर एक भरले कुटुंब जेवत होते. त्यातल्या म्हातारीने मान वळवून पाहिले आणि शेजारच्या सुनेला कोपराने खुणावले.

“काय करून राहिली, उज्वला? पडदा सोड आधी.”

“का?”

“लोक बघून राहिले.”

“बघू द्या. मला काही वाटत नाही.”

हे शब्द त्याने थोड्याच वेळापूर्वी कुठेतरी वाचले होते, पण ते त्याला तेव्हा उमगले नाही. त्याचा हात टेबलाखाली गेला आणि तिचा हात शोधू लागला. तो तिथे नव्हता. उज्वलाचे दोन्ही हात टेबलावर होते, पांढऱ्या पेरांसकट, आणि त्यांच्यात एक घडी उलगडलेला कागद होता. तिने पेनचे टोपण काढले. सही करण्यापुरता उजेड हवा असतो. तिथे त्याहून खूप होता.

“हे काय आता?”

“रजेचा अर्ज. दोन वर्षांचा. हैदराबादला जाते.”

“इथं कशाला हे? घरी बोलू,” तो म्हणाला. तो कागदाकडे पाहत नव्हता, समोरच्या म्हातारीकडे पाहत होता. “असं एकदम काय झालं?”

उज्वलाने सही केली, अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आपला फोन त्याच्या ताटाशेजारी सरकवला. वरती देगलूरच्या गुरुपादप्पाचे गुलाबाचे फूल होते. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, थंड रश्श्यात बुडवला आणि म्हातारीच्या देखत जेवायला सुरुवात केली. सुदर्शन वाकून वाचू लागला. बल्बमुळे फोनच्या पडद्यावरची अक्षरे त्याला नीट दिसेनात, म्हणून त्याने दोन्ही हातांनी फोनवर सावली धरली. मजकूर त्याचाच होता:

‘गुरुपादप्पा, मनाला लावून घेऊ नका, मीही याच वाटेवर आहे. नांदेडच्या या हॉटेलात चार नंबरचा कक्ष मागा. आधी फोन करून बल्ब काढायला सांगा. कारण विचारले तर तिच्या डोळ्यांचे सांगा, ते पुढे काही विचारत नाहीत. माझी पत्नी दोन वर्षे इथे येते, तिला वाटते मला एकांत आवडतो. तुमच्या मिसेससारखीच आहे, तिला काही वाटत नाही, वाटते ते मलाच. आणि खरे सांगू का, बल्ब नसला की ती अजून लग्नातल्यासारखी दिसते.’